नोटीस लागली, पण वाचली कोणी?

(मंडळाच्या जानेवारीतील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'साथीचे रोग आणि माहितीचा हक्क' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट म्हणालो की मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून लागलो, आणि वीस वर्षे काउंटरवर बसून आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. लोक कागद घेऊन तुमच्याकडेच येतात." ते मात्र खरे आहे. आपल्या भागात बँकेचा माणूस म्हणजे सगळे कागद वाचणारा माणूस. पासबुक, पेन्शनचा कागद, कोर्टाचे समन्स, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे काचेखालून आत सरकवतात आणि विचारतात, "साहेब, ह्यात काय लिवलंय बघा की जरा."

२०१७ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एक मध्यमवयीन माणूस पैसे काढायला आला. ओळखीचा खातेदार, दरवर्षी काजूच्या हंगामात गोव्याला कामाला जाणारा. गडी निम्मा झाला होता. हात इतका थरथरत होता की सही जुळेना, शेवटी अंगठा घेतला. बारा दिवस दवाखान्यात काढून आला होता. पैसे मोजून घेतल्यावर त्याने दवाखान्यातून सोडताना दिलेला कागद पुढे केला. सगळा इंग्रजीत. खाली लिहिले होते, के. एफ. डी. पॉझिटिव्ह.

"हे काय असतंय साहेब? रक्त कमी हाय म्हनून लिवलंय काय?"

मलाही ठाऊक नव्हते. मी आमच्या शाखेला लागून असलेल्या औषधाच्या दुकानदाराला विचारले, त्याने फोन करून कोणाला तरी विचारले. मग कळले की हा माकडताप, गोचिडीपासून होणारा. मी त्याला तसे सांगितले. तो हसला. म्हणाला, "माकडाला तर मी हात बी लावला नाही." मग सहज पुढे म्हणाला, की आता बरे वाटते आहे, पुढच्या सोमवारी बायको आणि धाकटा मुलगा त्याच बागेत जाणार, हंगाम संपत आला, उचल घेतलेली आहे. रात्री झोपायला कुठे, असे विचारले तर म्हणाला, खोपीत, खाली वाळका पाला पसरून.

बंधूंनो, त्या माणसावर उपचार चांगले झाले होते. डॉक्टरांनी जीव वाचवला, सरकारी प्रयोगशाळेने रक्त तपासले, निदान बरोबर केले. यंत्रणेने आपले काम केले होते. राहिले होते ते एकच. ज्याला रोग झाला त्याला कोणीही त्याच्या भाषेत सांगितले नव्हते की हा कशामुळे झाला आणि घरच्या माणसांना कसा होऊ शकतो. ते काम शेवटी बँकेच्या क्लार्कने केले, तेही ऐकीव माहितीवर.

आता या रोगाबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्या सभेतल्या निम्म्या लोकांच्या घरातून कोणी ना कोणी रानात किंवा काजूला जाते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत जबर तापाची साथ आली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यातला विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे के. एफ. डी. पुष्कळ वर्षे हा रोग कर्नाटकातल्या चार-पाच जिल्ह्यांपुरता समजला जाई. मग तो केरळात वायनाडला दिसला, २०१५ साली गोव्यात सत्तरीत दिसला, २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गला. त्याच वर्षी गोव्यात काजूच्या बागांत जाऊन आलेल्या मजुरांत तो आढळला, त्यांत आपल्या बेळगाव भागातलेही होते.

हा ताप साधारण डिसेंबर ते मे या काळात येतो, म्हणजे नेमका काजूचा हंगाम, सरपणाचा हंगाम, पाला गोळा करण्याचा हंगाम. गोचिडीची पिल्ले त्या दिवसांत रानात पसरलेली असतात, तिळापेक्षा लहान, डोळ्याला न दिसणारी. चावल्याचे कळतही नाही. तीन ते आठ दिवसांनी एकदम जोराचा ताप, डोके फुटल्यासारखे दुखणे, अंग मोडून येणे, उलट्या, काहींना हिरड्यांतून वा नाकातून रक्त. काहींना ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम होतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. नेमके औषध नाही, पण वेळेवर दाखल झाले तर बहुतेक माणसे वाचतात. जुनी लस होती, तिचा उपयोग पुरेसा होत नाही म्हणून ती अलीकडे बंद केली आहे, नव्या लसीचे काम सुरू आहे. थोडक्यात, या रोगावर आज आपल्या हातात मुख्य औषध आहे ते माहिती हेच. म्हणून मी आज हा रोग निवडला.

आणि माहितीची अवस्था काय आहे बघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरला की सत्तरी. डावीकडे कर्नाटक, पुढे गोवा, उजवीकडे तिलारी-दोडामार्ग म्हणजे महाराष्ट्र. गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही, पण पत्रकाला बरोबर कळते. इकडे भित्तिपत्रक लागले तर त्यावर कन्नडमध्ये 'मंगन कायिले'. तिकडे वर्तमानपत्रात 'माकडताप'. दवाखान्याच्या कागदावर 'के. एफ. डी.'. एकाच रोगाची तीन नावे, आणि आमचा मजूर तिन्ही ठिकाणी फिरणारा. त्याला वाटते हे तीन वेगळे रोग आहेत आणि आपला त्यांतल्या एकाशीही संबंध नाही. बरे, 'माकडताप' हे नाव तरी सरळ आहे काय? ते ऐकून माणूस माकडापासून लांब राहतो आणि पाल्यावर निवांत झोपतो. माकड बिचारे आपल्यासारखेच या रोगाचे बळी. त्यात मध्यंतरी मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या आणि गोंधळात भर पडली.

कोणी म्हणेल, एका तापासाठी एवढे भाषण कशाला. मग आपण सर्वांनी पाहिलेली साथ घ्या.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन कडक होता. केंद्र सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे रुपये टाकायचे ठरवले. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले. शून्य आणि एक असेल तर ३ एप्रिल, दोन-तीनला ४ एप्रिल, पुढचे ७, ८ आणि ९ तारखेला, आणि त्यानंतर कोणीही केव्हाही यावे. व्यवस्था उत्तम होती. पण पहिल्याच दिवशी सकाळी सात वाजता आमच्या शाखेसमोर अडीचशे बायका. का? तर गावोगाव आवई उठली होती की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार. ही आवई देशभर होती, सरकारला खुलासा करावा लागला. खुलासा झाला, तोही बरोबर होता. पण तो आमच्या दारातल्या म्हातारीपर्यंत आला नव्हता, आवई आली होती. आवई मराठीत होती ना!

आम्ही त्या दिवशी काय केले सांगतो. शिपायाने आतून जुना फळा आणला. मी वर मोठ्या अक्षरात तारीख घातली आणि मराठीत व कन्नडमध्ये तीनच ओळी लिहिल्या. पैसे परत जात नाहीत. आज फक्त ज्यांच्या पासबुकाचा शेवटचा आकडा शून्य किंवा एक आहे त्यांनी थांबावे. बाकीच्यांनी घरी जावे, पैसे खात्यातच राहतील. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी आमच्या कन्नड भाषिक सहकारी बाई स्टुलावर उभ्या राहून तेच वाक्य दोन्ही भाषांत ओरडून सांगत होत्या. तासाभरात दीडशे बायका घरी गेल्या. पोलीस बोलवावे लागले नाहीत. पुढे रोज सकाळी तो फळा पुसून नवीन तारीख घालायची असा नेमच झाला. वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक मात्र इंग्रजीत, चार पानी, नोटीस बोर्डावर काचेत कुलूपबंद होते. नियमाप्रमाणे नोटीस लागली होती. वाचली कोणी, हे विचारण्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

आता दुसऱ्यांना बोलतो तसे स्वतःबद्दलही बोलले पाहिजे. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. त्याच्या आदल्या रात्री आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरला, की विषाणू बारा तासच जगतो, कर्फ्यू चौदा तासांचा आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी तुटलेली असेल. गणित बिनचूक वाटले, मी कॉमर्सचा माणूस, मी तो पुढे पाठवला. साफ चुकीचा होता. विषाणू माणसांच्या अंगात होता, तो रस्ता मोकळा ठेवल्याने कसा मरणार? दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारचे एक गृहस्थ निर्धास्तपणे बाजारात फिरून आले आणि मला म्हणाले, "तुमचाच मेसेज होता की!" मला काही उत्तर सुचले नाही. मी गटावर दुरुस्ती टाकली, तिला एकानेही पुढे पाठवले नाही. चुकीची गोष्ट पन्नास गटांत गेली आणि दुरुस्ती आमच्याच गटात राहिली. म्हणून अफवांना फक्त अडाणी लोक बळी पडतात हे मला पटत नाही. जिथे अधिकृत माणूस गप्प असतो किंवा न कळणाऱ्या भाषेत बोलतो, तिथे रिकामी जागा राहते, आणि ती जागा माझ्यासारखेच कोणीतरी भरतो.

साथीचा जुना कायदा बघा. ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईने केलेला. त्यात सरकारला अधिकार दिला आहे की जाहीर नोटीस काढून लोकांनी पाळायचे तात्पुरते नियम घालून द्यावेत. म्हणजे नियम पाळणे लोकांचे काम आणि नोटीस काढणे सरकारचे. ती लोकांना समजली पाहिजे, कोणत्या भाषेत असावी, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. त्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले, माणसे छावणीत नेली, सामान जाळले. लोकांना घरातून काढणे शास्त्राला धरून होते की नव्हते हा वेगळा प्रश्न, पण का काढतो हे नीट सांगण्याची तसदी घेतली नाही. लोक आजारी माणसे लपवू लागले. पुढे काय झाले ते आपल्याला शाळेत शिकवलेले आहे. २०२० साली याच कायद्यावर देश चालला, आणि त्या वर्षी त्यात दुरुस्तीही झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी. ती योग्यच होती. पण नोटिशीच्या भाषेचा विषय निघाला नाही.

आपल्याकडे मात्र त्याला एक आधार आहे आणि तो मंडळातल्या जुन्या लोकांना पाठ आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्यावर पुन्हा सहमती झाली. ज्या भागात अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाचे कायदे, नियम, नोटिसा त्यांच्या भाषेतही काढाव्यात. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, त्यांचे कार्यालय १९५७ साली सुरू झाले. योगायोग पाहा, क्यासनूरचा ताप सापडला तेच वर्ष! बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माणूस पंधरा टक्क्यांपेक्षा किती तरी जास्त आहे, यावर वाद नाही. हेही प्रामाणिकपणे सांगतो की हे संरक्षण म्हणजे कायद्याचे कलम नाही, राज्यांनी दिलेला शब्द आहे, आणि त्याची अंमलबजावणी कोर्टातून करून घेणे अवघड आहे. मराठी परिपत्रकांसाठी आपण किती मोर्चे काढले याचा हिशेब माझ्यापेक्षा इथल्या ज्येष्ठांना अधिक ठाऊक आहे. उताऱ्याचा कागद, मतदार यादी, पाट्या, हे सगळे आपण मागत आलो आणि मागत राहू. माझे म्हणणे इतकेच की या मागणीत आरोग्याची नोटीस सर्वांत वर लिहा. उतारा उशिरा कळला तर हेलपाटा होतो. तापाचे उशिरा कळले तर माणूस जातो.

आणि हा न्याय एकाच बाजूला लावून चालणार नाही. महाराष्ट्रात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे कन्नड बोलणारी मंडळी आहेत. त्यांना साथीची सूचना कन्नडमध्ये मिळालीच पाहिजे, आणि मिळत नसेल तर ते आपणही बोलून दाखवले पाहिजे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठी वापरण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे सत्तरीतल्या आरोग्य केंद्राला मराठी पत्रक काढायला कोणाची आडकाठी नाही. आपल्याकडच्या आशाताईंचेही नाव घेतले पाहिजे. त्यांच्या हातात कन्नड पत्रक असते आणि दारात उभ्या राहून त्या तोंडी मराठीत सांगतात. भाषांतराचा भत्ता त्यांना कोणी देत नाही.

आता एक कडू गोष्ट. उद्या सरकारने मराठी परिपत्रक दिले तरी ते कळेल याची खात्री काय? कोरोनाच्या वेळी आपलीच मराठी वर्तमानपत्रे 'प्रादुर्भाव', 'प्रतिबंधात्मक उपाययोजना', 'विलगीकरण', 'अलगीकरण' असे लिहीत होती. शेवटच्या दोन शब्दांत फरक काय, हे मी इथल्या पदवीधरांना विचारतो, हात वर करा. पाहिलेत? आमच्या गल्लीत सगळे सरळ 'क्वारंटाइन' म्हणत होते आणि सगळ्यांना कळत होते. २०२१ साली कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आर. टी. पी. सी. आर. निगेटिव्ह अहवाल मागत होते, तेव्हा कोल्हापूरहून मयतीला येणारी माणसे नाक्यावर अडकली. हे ७२ तास नमुना दिल्यापासून धरायचे की अहवाल हाती आल्यापासून, हा एक प्रश्न स्पष्ट लिहिला असता तर कित्येकांचा हेलपाटा वाचला असता.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी माकडतापाबद्दल मराठीत एक पान तयार केले. एका डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि आपल्या महिला विभागाच्या बैठकीत वाचून दाखवले. पहिल्याच ओळीला एका मावशींनी अडवले. "गोचीड गुरांना असती, माणसाला कुठली?" आम्हा चौघांना हा प्रश्नच सुचला नव्हता. मग मजकूर बदलला. आता तो असा आहे, वाचून दाखवतो:

"रानात आणि काजूच्या बागेत वाळक्या पाल्यात गोचिडीची बारीक पिल्ले असतात. ती माणसालाही चावतात. त्यातून माकडताप होतो. हा ताप एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, म्हणून आजारी माणसाला घरात वेगळे टाकू नका. रानात जाताना हातपाय झाकणारे कपडे घाला. आरोग्य केंद्रात गोचिडीसाठी अंगाला लावायचे तेल आहे काय ते विचारा, असेल तर लावून जा. वाळक्या पाल्यावर बसू नका, झोपू नका. परत आल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, मुलांचे अंग तपासा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा जंगल खात्याला कळवा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की मी रानात किंवा काजूला गेलो होतो. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो."

खाली तारीख आहे, आणि पुढे बदल झाला तर नवीन तारखेचे पान निघेल असे लिहिले आहे. तारखेचा आग्रह माझा. बँकेत बिनतारखेचा चेक आम्ही घेत नाही, मग बिनतारखेची सूचना लोकांनी का घ्यावी?

डॉक्टरांना 'काजूला गेलो होतो' एवढे सांगणे सर्वांत महत्त्वाचे, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे पडले. नाही तर टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया यांच्या तपासण्यांत चार दिवस जातात. माझ्या त्या खातेदाराचेही तसेच झाले होते. त्याची बायको आणि मुलगा त्या सोमवारी गेले नाहीत. उचल परत करायला त्याने आमच्याच शाखेत बायकोचे दागिने ठेवून कर्ज काढले. म्हणजे माहिती मिळाली तरी ती पाळायला पैसे लागतात, हेही विसरून चालणार नाही. बागवाल्यांनी खोपीत झोपायला पाल्याऐवजी बाज किंवा फळी दिली तर फार खर्च नाही, पण ते त्यांना सांगणारे कोणीतरी पाहिजे.

आपले निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे तयार आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. साथीची प्रत्येक सूचना कन्नडबरोबर मराठीतही निघावी, एकाच दिवशी निघावी, आणि कोणत्या गावात किती रुग्ण सापडले हा आकडा दर आठवड्याला आरोग्य केंद्राच्या बाहेर फळ्यावर लागावा. आकडा लपवला की लोक दुप्पट धरून चालतात, हे मी नोटबंदीच्या वेळीही पाहिले आहे. निवेदनाची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना जाईल, आणि एक प्रत गोव्याच्या आरोग्य खात्यालाही, कारण आपली माणसे ताप घेऊन येतात ती तिकडूनच.

छापलेली पाने दाराजवळच्या टेबलावर आहेत, पाचशे आहेत. जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूची मंडळी जास्त घेऊन जा, पहिली टोळी पुढच्या आठवड्यात घाट उतरते असे ऐकतो. पान नुसते देऊ नका, एकदा वाचून दाखवा. आणि कोणी मावशींसारखा प्रश्न विचारला तर तो लिहून मला कळवा, दुसऱ्या छपाईत घालू.